स्टाडलरची ट्रंक आणि म्यूलफेल्डची क्लॅरिनेट

क्लॅरिनेट म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वरात येते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पुढे ट्रम्पेटवाला आणि त्याच्या शेजारी गाल फुगवून ती काळी नळी फुंकणारे एक वयस्कर गृहस्थ. बँडवाले तिला क्लॅरिओनेट म्हणतात आणि ती रस्त्यावर, ढोलताशाच्या वरताण वाजवायची असते असा माझा बरीच वर्षं समज होता. मग ऑफिसातल्या एका रात्री, बिल्ड संपायची वाट बघत असताना, हेडफोनवर ब्राह्म्सचं क्लॅरिनेट क्विंटेट ऐकलं. बिल्ड कधी संपला ते कळलंच नाही. (फेल झाला होता, तो भाग वेगळा.)

क्विंटेट म्हणजे पाच जणांची रचना. इथे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो ही नेहमीची चौकडी आणि पाचवी क्लॅरिनेट. या प्रकाराला चेंबर म्युझिक म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत खासगी बैठक. कंडक्टर नाही, लपायला जागा नाही, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ. या जोडणीसाठी लिहिलेल्या मोठ्या रचना तशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि त्यातल्या दोन सगळ्यात मोठ्या रचना, मोझार्टची आणि ब्राह्म्सची, यांच्या मुळाशी एकेक वादक आहे. एक उधारी बुडवणारा, दुसरा अगदी सरळमार्गी. आजचा लेख या दोघांचा.

त्याआधी वाद्याबद्दल थोडं, कारण पुढची भानगड त्यावरच उभी आहे. बासरी किंवा सनई जोरात फुंकली की स्वर एक सप्तक वर उडतो, म्हणजे सा चा तार सा. क्लॅरिनेट तसं करत नाही. ती एका टोकाला बंद असल्यासारखी वागणारी सरळ नळी आहे, त्यामुळे सा वरून ती थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडी मारते. सनईलाही पत्ती असते, पण तिची नळी खाली रुंद होत जाते, म्हणून तिचा हिशोब निराळा. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७०० च्या सुमाराला या उडीसाठी खास चावी बसवली आणि क्लॅरिनेट जन्माला आली. या विचित्र उडीचा परिणाम असा की खालचा आणि वरचा आवाज एकाच वाद्याचे वाटत नाहीत. वर स्वच्छ, गळ्यासारखा. खाली पोकळ, गडद, जरा गूढ. आणि हे वाद्य अक्षरशः शून्यातून स्वर सुरू करू शकतं. व्हायोलिनच्या आवाजात ती कधी मिसळली आणि कधी वेगळी झाली, कळत नाही.

आता व्हिएन्ना. आन्टोन स्टाडलर १७५३ साली जन्मला. तो आणि त्याचा धाकटा भाऊ योहान, दोघेही क्लॅरिनेटवाले, बादशहाच्या पदरी. साधारणपणे थोरला पहिली क्लॅरिनेट वाजवेल आणि धाकटा दुसरी, पण इथे उलटं होतं. आन्टोनला दुसरी, खालची ओळ आवडायची. खर्जाचं त्याला वेडच होतं. इतकं की नेहमीची क्लॅरिनेट जिथे संपते त्याच्याही खाली चार अर्धस्वर जाणारं वाद्य त्याने थिओडोर लोट्झ या कारागिराच्या मदतीने घडवून घेतलं. आज त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात. चार अर्धस्वर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण मोझार्टचं क्विंटेट ए मेजरमध्ये आहे आणि ए पट्टीच्या बॅसेट क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा स्वर नेमका ए. म्हणजे रचनेचा षड्ज. नेहमीच्या क्लॅरिनेटला त्या खर्जातल्या षड्जापर्यंत पोचताच येत नाही, ती वाटेतच थांबते.

मोझार्ट आणि स्टाडलर यांची दोस्ती घट्ट होती. दोघेही फ्रीमेसन. जानेवारी १७८७ मध्ये प्रागच्या प्रवासात मोझार्टने टवाळीत सगळ्यांना अर्थहीन टोपणनावं दिली, त्यात स्टाडलरचं नाव पडलं नाचिबिनिचिबी. (प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच.) सभ्य माणसांना मात्र स्टाडलर फारसा पसंत नसावा, कारण पैशांच्या बाबतीत तो बेभरवशाचा होता.

१७८९ हे वर्ष मोझार्टसाठी वाईट गेलं. त्याने मायकेल पुखबेर्ग या व्यापारी मित्राला लिहिलेली पत्रं वाचवत नाहीत. बायको कॉन्स्टान्झं आजारी, औषधोपचाराचा खर्च, कर्ज, आणि पुन्हा कर्ज. अशा दिवसांत, २९ सप्टेंबर १७८९ ला, आपल्या रचनांची नोंद ठेवायच्या वहीत त्याने क्लॅरिनेट क्विंटेटची नोंद केली. आज ते के. ५८१ म्हणून ओळखलं जातं. नोव्हेंबरात त्याला मुलगी झाली आणि त्याच दिवशी गेली. २२ डिसेंबरला व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये, संगीतकारांच्या विधवा आणि मुलांसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थेच्या जलशात, स्टाडलरने ते पहिल्यांदा वाजवलं.

या सगळ्या ओढाताणीचा त्या संगीतात मागमूस नाही असं सरसकट म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. दुसऱ्या भागात तंतुवाद्यांवर म्यूट चढवलेले असतात आणि क्लॅरिनेट इतकी हळू, इतकी सरळ ओळ गाते की गाणाऱ्याला श्वास घ्यायलाही संकोच वाटावा. मिन्युएटमध्ये मधेच ए मायनरचा एक तुकडा येतो, त्यात क्लॅरिनेट पूर्ण गप्प. फक्त चौघं वाजवतात. आणि शेवटच्या भागात एका साध्या, जवळजवळ बालगीतासारख्या सुरावटीचे एकामागून एक पालट चालू असताना तिसऱ्या पालटात व्हिओला एकदम कण्हायला लागतो. मग पुढच्याच पालटात क्लॅरिनेट घरंगळत हसत सुटते. रडून झाल्यावर तोंड धुऊन आलेल्या माणसासारखं ते हसू आहे.

८ एप्रिल १७९० चं पुखबेर्गला लिहिलेलं पत्र आहे. त्यात मोझार्ट कळवतो की उद्या काउंट हादिककडे बैठक आहे, तिथे तुमच्यासाठी लिहिलेलं त्रिकूट आणि स्टाडलरचं क्विंटेट वाजवणार आहोत, तर या. त्याच पत्रात उसने पैसेही मागितले आहेत. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच शब्दावर अडकलं. स्टाडलरचं क्विंटेट. 'माझं' नव्हे.

पुढे ऑक्टोबर १७९१ मध्ये मोझार्टने स्टाडलरसाठी क्लॅरिनेट कॉन्चेर्तोही लिहिला, आणि ५ डिसेंबरला तो गेला. त्याच्या मालमत्तेची यादी झाली तेव्हा बुडीत खात्यात एक रक्कम होती : स्टाडलर, ५०० गुल्डेन, कागदपत्र नाही. मोझार्टचा दरबारी पगार वर्षाला ८०० गुल्डेन होता, त्यावरून ५०० चा अंदाज करा. जो माणूस स्वतः दारोदार उसनवारी करत होता, त्याने आपल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम या नाचिबिनिचिबीला देऊन ठेवली होती, तीही चिठ्ठीशिवाय.

आणि खरं नुकसान पुढेच आहे. दोन्ही रचनांचं मूळ हस्तलिखित आज नाही. १८०० साली कॉन्स्टान्झं मोझार्टची हस्तलिखितं ऑफनबाखच्या योहान आन्टोन आन्द्रे या प्रकाशकाला विकून मोकळी झाली होती, आणि काय काय सापडत नाही याबद्दल त्याच्याशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. ३१ मे १८०० च्या पत्रात ती लिहिते की क्लॅरिनेटच्या कामांबद्दल स्टाडलरला विचारा. तो म्हणतो, जर्मनीत असताना माझी प्रवासाची ट्रंक चोरीला गेली, त्यात ते कागद होते. पण दुसरे लोक मला सांगतात की ट्रंक चोरीला गेली नाही, ७३ डुकाटला गहाण पडली. ७३ डुकाट म्हणजे सव्वातीनशे गुल्डेनच्या आसपास. बाई थेट आरोप करत नाही. 'असं लोक म्हणतात' एवढंच. पण नवऱ्याचे ५०० गुल्डेन बुडवलेल्या माणसाबद्दल ती काय मानत असेल ते वेगळं सांगायला नको.

१८०२ मध्ये क्विंटेट छापून बाहेर आलं, पण नेहमीच्या क्लॅरिनेटसाठी. बॅसेट क्लॅरिनेट बाळगणारे वादक नव्हतेच, मग तशी प्रत विकत कोण घेणार? म्हणून संपादकाने खालचे स्वर उचलून वर ठेवले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड हरवला, मूळ हार्डवेअर भंगारात गेलं, आणि कुणीतरी दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर पोर्ट केलेली बायनरी तेवढी हाताशी उरली. पोर्ट करणारा माणूस बरा होता, प्रोग्रॅम चालतो, कुणाची तक्रार नाही. मात्र कुठेतरी सुरावट खाली खाली उतरत येते आणि ऐन वेळी, पायरी चुकल्यासारखी, उगाच वर उडते. मूळ लिहिणाऱ्याने असं लिहिलं नसणार हे जाणत्याला खटकतं.

१८०२ मध्येच लाइपझिगच्या एका संगीतपत्रात कॉन्चेर्तोच्या छापील आवृत्तीचं परीक्षण आलं. परीक्षणकर्त्याने मूळ पाठ पाहिला असावा, कारण मूळ सुरावट आणखी खाली जात होती असं सांगून त्याने उदाहरणं दिली. चेंजलॉग म्हणा ना. तो चेंजलॉग छापील होता, उपलब्ध होता, तरी जवळजवळ दीडशे वर्षं लोक ती बदललेली प्रतच मोझार्टची म्हणून वाजवत राहिले. १९४० च्या दशकात अभ्यासकांनी कुठले स्वर हलवले असतील याचा माग काढायला सुरुवात केली, पुढे कारागिरांनी अंदाजाने बॅसेट क्लॅरिनेट बनवल्या. मूळ वाद्य दिसायचं कसं हे मात्र १९९२ पर्यंत गुलदस्तात होतं. त्या वर्षी पामेला पूलिन या अमेरिकन संशोधिकेला स्टाडलरच्या १७९४ च्या रीगा इथल्या जलशांची कार्यक्रमपत्रिका सापडली, आणि तिच्यावर त्याच्या वाद्याचं चित्र होतं! खालचं टोक काटकोनात वळलेलं, त्याला फुगीर गोळा. तोवर जो तो वाद्य सरळ बनवत होता.

तर स्टाडलर चोर होता का? मी बरेच दिवस या प्रश्नावर घोटाळलो. ट्रंक गहाण टाकली असेल, असं मला वाटतं. मोझार्टच्या मृत्यूनंतर तो काही वर्षं बर्लिन, वॉर्सा, रीगा, सेंट पीटर्सबर्ग असा भटकत होता, आणि भटक्या वादकाचा हात रिकामा असणं यात नवल काय? कॉन्स्टान्झं स्वतः म्हणते की ट्रंकेत वाद्यंही होती. म्हणजे गहाण टाकताना त्याने आपलं पोटापाण्याचं साधनही ठेवलं असणार. आणि ज्याच्या पायी आपण मूळ कागद गमावले, त्याच्याच हट्टापायी ते कागद लिहिले गेले होते, हेही विसरता येत नाही. स्टाडलर नसता तर मूळ प्रत हरवली नसती, कारण मूळ प्रतच नसती. १५ जून १८१२ ला तो व्हिएन्नात वारला.

मधला काळ झरझर. म्युनिकच्या हाइनरिख बेअरमानसाठी कार्ल मारिया फॉन वेबरने १८११ मध्ये दोन कॉन्चेर्तो आणि १८१५ पर्यंत एक क्विंटेट लिहिलं. वेबरचं क्विंटेट म्हणजे खरं तर चौघांच्या साथीने एकट्या क्लॅरिनेटची कसरत, मजा येते, पण बैठक नव्हे. बेअरमान स्वतःही लिहायचा. त्याच्या एका क्विंटेटमधला संथ भाग कित्येक वर्षं वाग्नरच्या नावावर खपत होता, यावरून त्याची लायकी समजावी. त्याचा मुलगा कार्ल बेअरमान. या मुलाने म्युनिकच्या गेओर्ग ओटेनस्टाइनर या कारागिराबरोबर चाव्यांची नवी रचना बसवून क्लॅरिनेट सुधारली. ओटेनस्टाइनर हे नाव लक्षात ठेवा.

आता एकदम १८९०. योहानेस ब्राह्म्स सत्तावन्न वर्षांचा आहे. चार सिंफनी, चार कॉन्चेर्तो, जर्मन रेक्विएम, सगळं लिहून झालंय. दाढी पांढरी झाली आहे. ओपस १११ चं तंतुवाद्यांचं क्विंटेट पूर्ण केल्यावर त्याने प्रकाशक झिमरॉकला कळवलं की आता माझ्या संगीताचा निरोप घ्या, थांबायची वेळ झाली. इश्लहून निघताना फाडलेले बरेच कागद त्राउन नदीत टाकून दिले, असंही त्याने कळवलं. त्यानंतर १८९१ च्या मे मध्ये झिमरॉकलाच पाठवलेल्या पत्रात त्याने आपलं मृत्युपत्र लिहून काढलं. माणूस रीतसर आवराआवर करत होता.

पण मधे मार्चमध्ये तो माइनिंगेनला गेला होता. माइनिंगेन म्हणजे थुरिंगियातलं एक चिमुकलं संस्थान. तिथला ड्यूक गेओर्ग दुसरा हा नाटकवेडा, संगीतवेडा. आपल्याकडे मिरज-सांगलीच्या संस्थानिकांनी जसा गाणाऱ्या-नाटकवाल्यांना आश्रय दिला, त्या जातीचा राजा. त्याचा ऑर्केस्ट्रा पन्नास माणसांचाही नव्हता, पण हान्स फॉन ब्यूलोने तो १८८० ते १८८५ अशी पाच वर्षं घासून घासून असा तयार केला होता की वादक नोटेशन न बघता, उभे राहून वाजवायचे. ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीचा पहिला प्रयोग २५ ऑक्टोबर १८८५ ला तिथलाच.

या ऑर्केस्ट्रात रिखार्ड म्यूलफेल्ड नावाचा क्लॅरिनेटवाला होता. जन्म १८५६, जवळच्याच झाल्झुंगेन गावचा. १८७३ मध्ये तो रुजू झाला तो व्हायोलिनवादक म्हणून! क्लॅरिनेट तो आपली आपण शिकला, आणि १८७९ पर्यंत पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला. १८८४ पासून उन्हाळ्यात बायरॉइथच्या उत्सवातही तो पहिली क्लॅरिनेट वाजवायचा. ब्राह्म्सने त्याला त्याआधीही ऐकलं असणारच, निदान चौथ्या सिंफनीच्या तालमीत. पण १८९१ च्या त्या मार्चमध्ये त्याने वेबरचा कॉन्चेर्तो आणि मोझार्टचं क्विंटेट वाजवलं, आणि म्हाताऱ्याच्या आत काहीतरी हललं. इथल्या म्यूलफेल्डपेक्षा सुंदर क्लॅरिनेट कुणी वाजवू शकणार नाही, असं त्याने क्लारा शूमानला लिहिलं. मग त्याला बाजूला घेऊन तासन् तास ऐकलं. हा स्वर असा का येतो, तो तसा का, खाली किती हळू जाता येतं, वगैरे.

म्हणजे बघा, स्टाडलरच्या हट्टापायी लिहिलेली रचना, तीही संपादकाने उचकटलेली, शंभर वर्षांनी दुसऱ्या एका वादकाने वाजवली आणि निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा टेबलाशी बसवलं. त्या उन्हाळ्यात इश्लला ब्राह्म्सने आधी क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो यांचं त्रिकूट लिहिलं, ओपस ११४. लगोलग क्विंटेट, ओपस ११५. मान्डिचेव्स्की या मित्राला त्रिकूट पाठवताना त्याने लिहिलं की हे एका आणखी मोठ्या वेडेपणाचं जुळं भावंड आहे. स्वतःच्या कामाबद्दल असंच बोलायची त्याची रीत.

क्विंटेट बी मायनरमध्ये आहे, पण सुरुवातीला ते कळू देत नाही. दोन व्हायोलिन एकमेकांच्या हातात हात घालून गिरक्या घेत येतात आणि ते डी मेजर आहे की बी मायनर, ठरतच नाही. स्वर तेच, फक्त षड्ज कुठे मानायचा हा प्रश्न. मूर्च्छनेत जसं सा सरकवला की त्याच स्वरांतून दुसराच राग डोकावतो, तसं. मग क्लॅरिनेट खालून, हळूच, डी मेजरच्या पायऱ्या चढत वर येते. जणू 'सगळं ठीक आहे' म्हणते. पण पुढच्या काही क्षणांत सा सरकतो, आणि ठीक नसतं.

दुसऱ्या भागात मोझार्टसारखेच तंतुवाद्यांवर म्यूट. इथवर गुरूला नमस्कार. पण मध्यावर काहीतरी भलतंच होतं. तंतुवाद्यं थरथरायला लागतात आणि क्लॅरिनेट हंगेरीच्या जिप्सी वादकासारखी बेभान सुटते, वर-खाली झेपावते, थबकते, पुन्हा सुटते. ऐकताना शपथेवर सांगाल की हे आयत्या वेळचं आहे, आलापीसारखं. प्रत्यक्षात स्वर न् स्वर लिहिलेला आहे. ब्राह्म्स विशीत असताना रेमेन्यी या हंगेरियन व्हायोलिनवादकाबरोबर गावोगाव हिंडला होता, त्या काळचं काहीतरी इतक्या वर्षांनी या जागी वर आलं असं मला वाटतं.

२४ नोव्हेंबर १८९१ ला माइनिंगेनच्या राजवाड्यात खासगी बैठक झाली आणि १२ डिसेंबरला बर्लिनमध्ये पहिला जाहीर प्रयोग. चौकडी योआखिमची. या नावामागे एक जुनी जखम आहे. योसेफ योआखिम हा ब्राह्म्सचा तरुणपणापासूनचा जिवलग. योआखिमने बायकोवर संशय घेतला, ब्राह्म्सने तिची बाजू घेणारं पत्र लिहिलं, ते पत्र घटस्फोटाच्या खटल्यात कोर्टात वाचलं गेलं आणि मैत्री तुटली. १८८७ मध्ये ब्राह्म्सने व्हायोलिन आणि चेलोचा दुहेरी कॉन्चेर्तो लिहून त्याला हात पुढे केला होता. आता तोच योआखिम आपल्या बर्लिनच्या बैठकीत, जिथे तंतुवाद्यांशिवाय दुसरं काही येऊ द्यायचा शिरस्ता नव्हता, एका फुंकवाद्याला शेजारी बसवून घेत होता. चित्रकार आडोल्फ मेंझेल तिथे होता. त्याने म्यूलफेल्डचं चित्र काढलं ते एखाद्या ग्रीक देवतेच्या रूपात, आणि ब्राह्म्सला धाडून दिलं.

मार्च १८९२ मध्ये म्यूलफेल्ड लंडनला जाऊन आला. १८९४ च्या उन्हाळ्यात ब्राह्म्सने त्याच्यासाठी आणखी दोन सोनाटा लिहिले, ओपस १२०, आणि स्वतः पियानोवर बसून ते त्याच्याबरोबर ठिकठिकाणी वाजवले. त्याला तो लाडाने 'कुमारी क्लॅरिनेट' म्हणायचा. (म्यूलफेल्डला भरघोस मिशा होत्या.) धंद्याचं भान मात्र सुटलं नव्हतं. छापताना क्लॅरिनेटला पर्याय म्हणून व्हिओलाही दिला, म्हणजे प्रती जास्त खपतील. मोझार्टच्या बाबतीत मृत्यूनंतर परक्याने जे पोर्टिंग केलं, ते इथे लेखकाने जिवंतपणी, आपल्या देखरेखीखाली उरकून घेतलं. शहाणा माणूस! क्लारा १८९६ च्या मे मध्ये गेली आणि ३ एप्रिल १८९७ ला ब्राह्म्स गेला.

या क्विंटेटची सावली लांब पडली. लंडनच्या रॉयल कॉलेजात चार्ल्स स्टॅनफर्ड विद्यार्थ्यांना म्हणाला म्हणे, की ब्राह्म्सचा ठसा टाळून आता कुणी क्लॅरिनेट क्विंटेट लिहूच शकणार नाही. वीस वर्षांच्या सॅम्युएल कोलरिज-टेलरने ते मनावर घेतलं. वडील सिएरा लिओनचे डॉक्टर, आई इंग्रज, लंडनच्या गोऱ्या संगीतजगतात हा काळा मुलगा. १८९५ मध्ये त्याने लिहून आणलं आणि मास्तरांनी पाठ थोपटली. ऐका जरूर. उड्या मारणारं, उन्हातलं संगीत आहे, ब्राह्म्सशी काडीचा संबंध नाही. माक्स रेगरने उलट केलं. १९११ ते १९१४ माइनिंगेनच्या त्याच ऑर्केस्ट्राचा तो प्रमुख होता. १९१६ च्या मे मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी तो वारला, आणि त्याची शेवटची पूर्ण झालेली रचना क्लॅरिनेट क्विंटेटच होती, मोझार्टच्याच ए मेजरमध्ये.

म्यूलफेल्ड १९०७ च्या जूनमध्ये गेला, माइनिंगेनमध्येच. त्याच्या क्लॅरिनेट तिथल्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. आजच्यासारख्या काळ्या नाहीत, पिवळसर बॉक्सवुडच्या आहेत, बेअरमान पद्धतीच्या चाव्यांच्या. कारागीर अर्थातच ओटेनस्टाइनर. त्या मोजून हुबेहूब नकला बनवतात आणि त्यावर ब्राह्म्स वाजवणारे वादक आज आहेत. आवाज थोडा मऊ, कमी टोकदार येतो, चौघांत जास्त मिसळतो. पण तो म्यूलफेल्डचा आवाज नव्हे. ब्राह्म्सने १८८९ च्या डिसेंबरात एडिसनच्या माणसासमोर मेणाच्या नळकांड्यावर पियानो वाजवला, ते खरखरीत का होईना आजही ऐकता येतं. म्यूलफेल्डचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. यंत्र होतं, माणूस होता, त्याच्या हयातीत दहा-पंधरा वर्षं धडाधड रेकॉर्डिंग चालू होतं, आणि कुणाला सुचलं नाही. स्टाडलरच्या ट्रंकेपेक्षा मला हेच जास्त लागतं. ट्रंक निदान कुणीतरी चोरली किंवा गहाण टाकली. इथे कुणाचाच दोष नाही, फक्त राहून गेलं.

क्विंटेटच्या शेवटच्या भागात मोझार्टसारखेच पालट आहेत, पाच. ते संपत आल्यावर अचानक पहिल्या भागातली ती गिरकी परत येते, हातात हात घातलेली, पण आता डी मेजर की बी मायनर हा प्रश्न उरलेला नसतो. पाचही जण मिळून बी मायनरचा एक जोरकस स्वरमेळ वाजवतात. मग तोच मेळ एकदा हळू, आणि थांबतात.